गाडीच्या मागे उभं राहून

माझी जुनी पेट्रोल गाडी खंबाटकी घाट चढेनाशी झाली, त्या वर्षी मी तिच्यावर बराच पैसा घातला. पुण्याहून परतताना चढ लागला की ती दम टाकायची. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, मागून ट्रकवाले हॉर्न देतायत आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेली. एका गॅरेजनं प्लग बदलले. दुसऱ्यानं पेट्रोलचा फिल्टर आणि मग पंप. तिसऱ्यानं क्लच प्लेट गेलीय असं छातीठोकपणे सांगून तीही नवी घातली, आणि नव्या क्लच प्लेटसकट गाडी पहिल्यासारखीच कण्हत राहिली.

शेवटी एका विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून साताऱ्यात पोवई नाक्यापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायला सांगितलंच नाही. इंजिन चालू ठेवा म्हणाले, मागे गेले, उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरला.

"सर, रेस करा."

मी केली.

"अजून."

अजून केली. मग त्यांनी मला मागे बोलावलं, पोराला ॲक्सिलरेटरवर बसवलं आणि माझा हात तिथं धरायला लावला. कोमट फुंकर येत होती, चहा गार करताना मारतो तेवढी. नंतर शेजारी उभी असलेली दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी चालू करून तिच्यामागे हात धरायला सांगितलं. तिथला झोत हात मागे ढकलत होता.

"तुमची गाडी श्वास घेती सर, सोडता येईना तिला."

गाडी गार झाल्यावर जॅकवर घेऊन त्यांनी पोटाखालच्या एका डब्यावर मूठ हाणली. आत लहान मुलाचा खुळखुळा वाजावा तसा आवाज आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली जाळी फुटून तिचे तुकडे तोंडाशी येऊन बसले होते. मी पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेलं. आत घेतलेली हवा बाहेर पडली नाही तर नवी आत येणार नाही, हे कळायला मला तीन गॅरेजं आणि एक क्लच प्लेट लागली.

त्याच मिस्त्रींनी ही पुस्तिका लिहिली आहे. मी तिच्या शुद्धलेखनाला हात लावला, भाषेला नाही. ती त्यांची आहे आणि माझ्यापेक्षा नेमकी आहे.

गॅरेजमध्ये इंजिनापासून मागच्या नळीपर्यंतच्या सगळ्याला 'सायलेन्सर' म्हणायची रीत आहे, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. खरा सायलेन्सर म्हणजे मागचा फुगीर डबा, आवाज दाबणारा. त्याच्या आधी बरंच काही असतं. इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड प्रत्येक सिलिंडरचा जळका वायू एका नळीत आणतो. तिथं ऑक्सिजन सेन्सर डोकं खुपसून बसलेला असतो. मग कन्व्हर्टर, मग बहुतेक गाड्यांत हादरे सोसणारा जाळीदार लवचीक तुकडा, एखादा मधला डबा, आणि हे सगळं लोंबतं रबराच्या कड्यांवर. रबर तुटलं की नळी खाली बसते आणि स्पीडब्रेकरवर खडकन आपटते. एवढी दुरुस्ती शे-दोनशे रुपयांत होते. न केली तर तीच नळी पुढं सांध्यात फाटते.

मिस्त्रींचं सगळं सांगणं एका तक्रारीभोवती फिरतं. या नळीवर दोन उलटसुलट अन्याय होतात. इंजिन बिघडलं की धूर मागून येतो, म्हणून लोक सायलेन्सर बदलायला येतात. आणि नळी तुंबली की इंजिन मरगळतं, म्हणून लोक इंजिन खोलायला येतात. पहिल्या प्रकारात ती नुसती निरोप्या असते, दुसऱ्या प्रकारात खरी गुन्हेगार असूनही सुटते. पुढची पानं वाचताना हा भेद मनात ठेवला तर त्यातला निम्मा तपशील आपोआप जागेवर बसेल.

आधी धूर, कारण त्याबद्दल सगळ्यांनाच मत असतं. थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर पांढरा धूर दिसला, नळीतून पाण्याचे थेंब गळले, म्हणून घाबरून आलेली गिऱ्हाइकं मिस्त्री चहा पाजून परत पाठवतात. इथं मात्र मास्तराचा उपयोग झाला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, त्याचं पाणी होतं. ते वाफ होऊन निघून जातं म्हणून दिसत नाही, एवढंच. नळी गार असली की तीच वाफ आत थिजते. पाच-दहा मिनिटांत धूर विरला तर ती वाफ. तो विरत नसेल, दाट असेल, गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी वरचेवर कमी होत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलंय. तिथं मागच्या डब्याचा काही दोष नाही.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मिस्त्रींची निरखण्याची पद्धत मात्र मला नवी होती. ते म्हणतात, घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. पायथ्याला आल्यावर पुन्हा दाबताच आरशात निळा भपकारा दिसला तर व्हॉल्व्हचे सील गेले. चढाला, जोर लावताना सतत निळा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पहिलं काम त्यामानानं स्वस्त, दुसऱ्यात इंजिन खोलावं लागतं. एवढं ओळखता आलं तर समोरचा मेकॅनिक काय बोलतोय याचा अंदाज येतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. कित्येकदा नुसता एअर फिल्टर मातीनं भरलेला असतो.

माझ्या पिढीला निळ्या धुराचं भय वाटत नसे. टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्येच ऑईल घालायचं असे, पंपावर मोजून. मग सायलेन्सरमध्ये काजळीचे थर बसत आणि स्कूटर चढाला बसायला लागे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक सायलेन्सर काढून, आत थोडं रॉकेल ओतून सरळ पेटवून द्यायचा. दोन्ही तोंडांनी ज्वाळा, भोवती पोरांचं कडं, आणि थंड झाल्यावर काठीनं बडवून काढलेली काळी खपली. संध्याकाळी तीच स्कूटर डबलसीट अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागायची. तुंबलेली नळी म्हणजे काय, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही दिसत होतं. आता ती चौकोनी डब्यात, पत्र्याच्या आड गेली आहे. आणि आतल्या नाजूक मालाला आग लावून भागत नाही.

तो नाजूक माल म्हणजे कन्व्हर्टर. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाचा थर बसला की कन्व्हर्टर कायमचा निकामी होतो. २००० साली शिसंवालं पेट्रोल देशभरातून गेलं. डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा हात फिरवलेला. ती अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापली की विषारी वायू आतल्या आत बदलू लागतात. त्याआधी तिचा उपयोग शून्य.

जाळी का फुटते? दगड लागतो, पाण्यात गरम डबा एकदम थंड होतो, हे असतंच. पण सगळ्यात जास्त डबे मरतात ते मालकाच्या चालढकलीनं. एक प्लग किंवा कॉईल गेलेली असते, गाडी तीन सिलिंडरवर थडथडत चाललेली असते आणि मालक म्हणतो, पगार झाल्यावर बघू. त्या चौथ्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि चिनीमाती अक्षरशः वितळते. माझ्या गाडीचंही तेच झालं होतं. मी दोन महिने पगाराची वाट पाहिली होती.

याच धातूंपायी कन्व्हर्टर चोरीला जातात. मध्यंतरी मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत सारख्या येत होत्या. सकाळी गाडी चालू करताच ट्रॅक्टरसारखी गरजली तर बिघाड शोधू नका, आधी वाकून खाली बघा.

आवाजाकडे वळतो, कारण नळीचा स्वतःचा आजार आवाजातून कळतो. सकाळी थंड इंजिनाला टिकटिक येते आणि पाच मिनिटांत थांबते. लोक म्हणतात टॅपेट वाजतात. बऱ्याचदा मॅनिफोल्डचं गॅस्केट फाटलेलं असतं किंवा तिथं बारीक तडा असतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते. गाडीच्या मध्यावर पायाखाली फुरफुर येत असेल तर सांधा सुटलाय. वेग वाढला की सगळी केबिन घुमायला लागते तेव्हा मागचा डबा आतून कुजलेला असतो. एका ठरावीक वेगालाच झरझर आवाज येत असेल तर ढाल म्हणून लावलेला पत्रा सैल झालाय. त्याला एक क्लिप पुरते. मिस्त्री फट शोधताना नळीचं तोंड जाड ओल्या फडक्यानं क्षणभर दाबतात, थंड गाडी नुकतीच चालू केलेली असताना. दाब वाढतो आणि जिथून फुस्स होतं तिथं खडूनं खूण करायची. सांध्याभोवती काजळीचा काळा पिसारा उमटलेला असेल तर फडक्याचीही गरज नाही.

फटीचा एक परिणाम मात्र आवाजाहून लांबचा आहे. वायू नळीतून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्यानं जातो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा ऑक्सिजन सेन्सरला लागली की त्याला वाटतं, इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. तो तसं कळवतो, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, दुकानदार सेन्सर विकून मोकळा होतो. बिचारा सेन्सर खरंच बोलत होता.

पीयूसीचंही असंच. बीएस-४ पेट्रोल मोटारीला रिकाम्या चालीवर कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि प्रमाणपत्र नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून लोक ते इमानदारीनं काढतात. पण नळीला भोक असेल तर आत शिरलेल्या हवेनं धूर पातळ होतो आणि आकडा उलट चांगला येतो. कागद हातात आहे म्हणून नळी धड आहे असं समजू नये.

डिझेलवाल्यांसाठी वेगळं प्रकरण लिहायला मी मिस्त्रींना भाग पाडलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या पोटात काजळी अडवणारा फिल्टर बसला. साठलेली काजळी गाडी स्वतःच सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळते, पण त्याला हायवेवर पंधरा-वीस मिनिटांची सलग धाव लागते. घर ते दुकान, दुकान ते मंडई एवढंच फिरणाऱ्याच्या गाडीत ही जाळणी दर वेळी अर्धवट राहते. रिकामी चाल जरा चढलेली, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावतोय, गरम लोखंडाचा वास येतोय, ही तिचीच लक्षणं. त्या वेळी चावी फिरवून बंद करू नये. असल्या गाडीच्या नळीत थंड असताना बोट फिरवून बघावं. बोट जवळपास स्वच्छ निघायला हवं. काळं निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा सेकंडहँड विकणाऱ्यानं तो केव्हाच काढून टाकलाय.

बुलेटची पुंगळी काढून गावाला जागं ठेवणाऱ्यांवर मिस्त्रींनी एक ओळही लिहिलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांची गाडी बिघडलेली नसती सर." पोलीस असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात, ते दृश्य मला व्यक्तिशः आवडतं. तेवढं माझ्या नावावर.

पावसाळ्याबद्दल एक गैरसमज खोडायला हवा. पाण्यात बंद पडलेल्या गाडीबद्दल सगळे म्हणतात, सायलेन्सरमध्ये पाणी गेलं. चालू इंजिनाचा झोत नळीतलं पाणी बहुधा बाहेर ढकलत असतो. इंजिनाचा घात होतो तो पुढच्या बाजूनं, एअर फिल्टरमधून आत गेलेल्या पाण्यानं. अशी बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारू नये, ढकलून बाहेर काढावी. कोकणातल्या पाव्हण्यांचे डबे आमच्या आधी कुजतात ते खाऱ्या हवेनं, बाहेरून. माझा कुजला तो आतून. कॉलेज घरापासून दोन किलोमीटर. तेवढ्यात नळी पुरती तापत नाही, आतलं पाणी उकळून जात नाही, रोज थोडं थोडं साठतं.

त्यात मी स्वतःच्या हातानं भर घातली होती. नव्या डब्याच्या पोटाला एक बारीक भोक दिसलं, तिथून थेंब गळत होता. दुकानदारानं फुटका माल खपवला असं समजून मी ते रस्त्यावरच्या वेल्डरकडून बुजवून घेतलं, वर शहाणपणा केल्याच्या आनंदात घरी आलो. पाणी निघून जावं म्हणून ते भोक कारखान्यातच पाडलेलं असतं. दोन पावसाळ्यांत डब्याचा तळ पापडासारखा हातात आला. पुस्तिकेत 'एका प्राध्यापकानं' म्हणून जो किस्सा आहे तो हाच.

उरलं वासाचं प्रकरण. ते सगळ्यात लहान आहे आणि मी ते पहिलं घ्या म्हणून हट्ट धरला होता. सडक्या अंड्याचा वास आला तर इंधनाचं प्रमाण बिघडून कन्व्हर्टरवर ताण येतोय, सावकाश दाखवलं तरी चालतं. पण धुराचा वास गाडीच्या आत येत असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साईड असतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि झोप आलीय असं वाटणाऱ्याला आपण बेशुद्ध होतोय हे कळत नाही. प्रवासात सगळ्यांचंच डोकं दुखतंय आणि चहाला उतरल्यावर बरं वाटतंय, तर ते उन्हानं किंवा घाटानं नसेलही. शटर ओढून गाडी चालू ठेवणं, एसी लावून बंद गाडीत झोपणं, हे तर आहेच. शिवाय आपल्याकडची एक खास सवय. तुळशीच्या लग्नाला ऊस आणताना डिकी उघडी ठेवून, मोळी दोरीनं बांधून गाडी हाकतात. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, नळीतून निघालेला धूर त्या पोकळीत घोटाळतो आणि उघड्या डिकीतून थेट मागच्या सीटवर येतो. तिथं बहुतेक वेळा पोरं बसलेली असतात. अशा वेळी पुढच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याहून बरं म्हणजे ऊस टपावर बांधावा.

ही प्रस्तावना छापायला जाण्यापूर्वी मी मिस्त्रींना वाचून दाखवली. या वासाच्या परिच्छेदात मी आधी लिहिलं होतं की कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. शास्त्रानं ते बरोबरच आहे. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"हे खोडा सर. वाचणारा म्हणंल, मला वास येतोय म्हंजे हे ते न्हाई."

"मग काय लिहू?"

त्यांनी हातातल्या चिंधीनं बोटं पुसली, थोडा विचार केला. "वास येतो तो धुराचा. वास न्हाई असा तो त्याच्यासंगं आत आलेला असतो. असं लिहा."